‘लघवी चांगली आहे’ : सातव्या महिन्यातल्या एका तापाचा प्रकरण अभ्यास

तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर मार्च महिन्याच्या रकान्यात माझंच अक्षर आहे. वजन ४९ किलो, रक्तदाब ११०/७०, लघवी : साखर नाही, प्रथिनं किंचित. खाली माझी सही. कार्ड तिच्या हातात देताना मी म्हणाले होते, "सगळं ठीक आहे, लघवी चांगली आहे." त्यानंतर चार आठवड्यांनी ती १०३ तापात कुडकुडत १०८ च्या गाडीतून मिरजेला गेली आणि तेरा दिवस दवाखान्यात राहिली.

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. हे प्रकरण तिची परवानगी घेऊन लिहिते आहे. गावाचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. आजाराची वाट मात्र जशी होती तशीच ठेवली आहे, कारण शिकण्यासारखं आहे ते त्या वाटेतच. तिला धोका होता तो जंतूचा, पण तो जंतू किडनीपर्यंत पोचेस्तोवर कुणी थांबवला नाही, याला दोन शब्द कारणीभूत झाले. एक शब्द घरचा, ‘उन्हाळी’. दुसरा आमचा, ‘नॉर्मल’.

घर आणि शेड

वय २३, दुसरं गरोदरपण. थोरली मुलगी तीन वर्षांची, तिचं बाळंतपण सुखरूप झालेलं. नोंदणी वेळेवर, बाराव्या आठवड्यात. हिमोग्लोबिन ९.८, म्हणून लोहाच्या गोळ्या चालू. साखरेची चाचणी चांगली. जोखमीच्या मातांच्या आमच्या यादीत तिचं नाव नव्हतं, आणि त्या वेळी जी माहिती हाताशी होती तिच्यावरून ते बसतही नव्हतं.

फेब्रुवारी ते एप्रिल आमच्याकडे बेदाण्याचा हंगाम. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व या पट्ट्यात माळावर हिरव्या शेडनेटच्या शेडा उभ्या राहतात. आत जाळ्यांचे रॅक, एकावर एक. द्राक्षं द्रावणात बुडवून त्यावर पसरायची, दोनेक आठवड्यांत वाळली की झाडून खाली घ्यायची, मग बायकांनी बसून काड्या आणि डागी मणी वेगळे करायचे. ही निवडाई करायला ती पाचव्या महिन्यापासून जात होती. काम बसून असल्यामुळे घरच्यांना ते गरोदर बाईला सोपं वाटायचं. सकाळी आठला बसायचं, दुपारी भाकरीपुरतं उठायचं, सहाला घरी.

शेड माळावर. आडोसा म्हणावा असं झाडसुद्धा नाही. पुरुष मजूर रॅकवर चढलेले, उंचावर. लघवीला कुठे जाता, असं मी नंतर त्या बायकांना विचारलं तेव्हा एकीने सरळ सांगितलं, "सकाळी घरनं जाऊन यायचं, मग संध्याकाळी घरीच." आणि पाणी? "पाणी पिलं की उठाया लागतंय. म्हणून पीतच न्हाई." मार्चच्या उन्हात, शेडच्या उकाड्यात, दहा तासांत एक तांब्या. पाण्याचं महत्त्व त्यांना ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. जायला जागा नसली की बाई पाणी तोडते. हे मला त्या दिवशी नीट कळलं. त्याआधी कित्येक वर्षं मी गरोदर बायकांना "भरपूर पाणी प्या" एवढंच सांगत आले होते.

उन्हाळी

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिला लघवी करताना आग व्हायला लागली. थेंबथेंब व्हायची, उठून आलं की पुन्हा लागल्यासारखं वाटायचं, ओटीपोटात ओढ लागायची. तिने सासूला सांगितलं. सासू म्हणाल्या, "उन्हाळी लागलीया, दुसरं काय." रात्री धने-जिरे भिजत घातले, सकाळी ते पाणी गाळून दिलं, दुपारच्या डब्यात सब्जा. सासूबाईंनी प्रेमानेच केलं. त्या स्वतः तीस वर्षं हेच करत आल्या होत्या.

‘उन्हाळी’ हा शब्द आपल्या भाषेत फार जुना आहे आणि त्यात एक निदान दडलेलं आहे : ऊन बाधलं, अंगात उष्णता झाली, थंड काहीतरी घेतलं की उतरेल. कडक उन्हात पाणी कमी पडून लघवी दाट झाली तर थोडी आग होऊ शकते आणि चार तांबे पाणी पोटात गेलं की ती जातेही. त्यामुळे हा शब्द पुरता खोटा नाही. पण मूत्राशयात जंतू वाढले तरी आग अगदी तशीच होते, आणि त्यालाही आपण उन्हाळीच म्हणतो. एकाच नावाच्या दोन गोष्टी. बाई गरोदर असेल तर हा फरक घरी बसून करता येत नाही, लघवी तपासूनच करावा लागतो. धने-जिऱ्याचं पाणी प्यायला माझी ना नाही. ते पिऊन तपासणीला या, इतकंच.

तीन दिवसांनी आग कमी होईना म्हणून नवरा तालुक्याच्या गावी गेला आणि एका औषध दुकानात "बायकोला लघवीची आग होतीया" असं सांगून औषध घेऊन आला. बायको गरोदर आहे हे त्याने सांगितलं नाही, त्याला कुणी विचारलंही नाही. लघवीची आग शमवणारं सिरप आणि सहा गोळ्या मिळाल्या. त्या गोळ्यांची पट्टी मी नंतर पाहिली. सुट्या गोळ्या देताना पट्टी कात्रीने कापलेली होती, नाव आणि मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहून गेलेली, आणि हातातल्या तुकड्यावर फक्त ‘फ्लॉक्सासिन’ एवढं शेपूट. या गटातली प्रतिजैविकं, म्हणजे जंतू मारणारी औषधं, गरोदरपणात शक्यतो टाळतात. तिने तीन गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, उरलेल्या तीन देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात ठेवून दिल्या.

बरं का वाटलं, हे समजून घेण्यासारखं आहे. सिरपमुळे लघवीची आम्लता कमी होते, त्यामुळे आग कमी होते. जंतू मरतात म्हणून नव्हे. आणि प्रतिजैविकाच्या तीन गोळ्यांनी जंतूंची संख्या थोडीफार कमी झाली असेल, पण जे टिकून राहिले ते आतच होते. लक्षण गेलं, आजार राहिला.

मी काय तपासलं आणि काय नाही

पुढच्या आठवड्यात ती माझ्याकडे नेहमीच्या तपासणीला आली. २४ आठवडे पूर्ण. मी विचारलं, "काही त्रास?" ती म्हणाली, "आता न्हाई मॅडम. मधी उन्हाळी लागली हुती, गेली." मी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. तो शब्द माझ्याही घरचा आहे. मीही तो आजार म्हणून ऐकला नाही.

मग लघवीची पट्टी. आमच्याकडे नेहमी असते ती दोन खान्यांची : एक साखरेचा, एक प्रथिनांचा. साखर पाहायची ती गरोदरपणातल्या मधुमेहाचा अंदाज घ्यायला, प्रथिनं पाहायची ती रक्तदाब वाढून होणाऱ्या विकाराच्या दृष्टीने. दोन्ही तपासण्या अत्यंत गरजेच्या आहेत, पण त्यांतली एकही जंतू शोधत नाही. त्या पट्टीवर ‘काही नाही’ असं आलं तर त्याचा अर्थ साखर नाही आणि प्रथिनं नाहीत एवढाच. गावातल्या बाईला मात्र त्यातून ऐकू जातं : लघवी तपासली, चांगली आहे.

तिच्या पट्टीवर तर प्रथिनांचा खाना किंचित हिरवट झाला होता. रक्तदाब चांगला, पायाला सूज नाही, म्हणून मी ते सोडून दिलं. रक्तदाब ठीक असताना लघवीत प्रथिनं दिसली तर अंगावरून जाणारं पांढरं नमुन्यात मिसळलं का हे आधी पाहायचं, आणि मग लघवीत पू तर नाही ना, हे शोधायचं. शेजारी ‘उन्हाळी’ हा शब्द पडलेला होता. दोन्ही एकत्र ठेवले असते तर त्याच दिवशी नमुन्याची बाटली हातात दिली असती.

कोणती तपासणी मग? तीन पायऱ्या आहेत. दहा खान्यांची पट्टी मिळते, तिच्यावर पांढऱ्या पेशींचा आणि नायट्राइटचा खाना असतो. नायट्राइट हे काही जंतूंनीच लघवीत तयार केलेलं असतं, पण त्यासाठी लघवी मूत्राशयात चारेक तास तरी राहायला हवी, म्हणून सकाळची पहिली लघवी उत्तम. गरोदर बाई तासातासाला जात असेल तर हा खाना कोराच राहू शकतो. शिवाय काही जंतू नायट्राइट बनवतच नाहीत. दुसरी पायरी सूक्ष्मदर्शकाखाली पू-पेशी पाहणं. आणि तिसरी, खरी, लघवीचं कल्चर : नमुना थाळीत लावून जंतू वाढवून बघायचे, ते कोणते, किती आणि कोणत्या औषधाला दाद देतात हे ठरवायचं. निकालाला दोन-तीन दिवस लागतात. एका मिलिलिटरमध्ये एकाच जातीचे एक लाख किंवा त्याहून जास्त जंतू निघाले की संसर्ग धरतात.

कल्चरचं महत्त्व गरोदरपणात एवढं का, तर काही जणींना आग, कळ, काहीच होत नाही आणि तरी लघवीत जंतू असतात. असं १०० गरोदर बायकांमध्ये २ ते १० जणींत आढळतं. बाई गरोदर नसेल तर अशा मुक्या जंतूंना सहसा औषध देत नाहीत. गरोदर असेल तर देतात, कारण उपचार केले नाहीत तर त्यांच्यातल्या चौघींपैकी एकीला, कधी त्याहून जास्त जणींना, किडनीचा संसर्ग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या गरोदरपणातल्या देखभालीच्या शिफारशींत म्हणूनच लघवीचं कल्चर सुचवलं आहे आणि जंतू निघाले तर सात दिवसांचं प्रतिजैविक. बहुतेक ठिकाणी हे कल्चर पहिल्या भेटीत किंवा १२ ते १६ आठवड्यांच्या सुमाराला करतात. तिचं झालं नव्हतं.

ताप

एप्रिलचा पहिला आठवडा, २८ आठवडे. आधीचे दोन दिवस तिला कंबर धरल्यासारखं वाटत होतं. सातव्या महिन्यात कंबर कुणाची दुखत नाही? घरात कुणी मनावर घेतलं नाही, तिनेही नाही. दुसऱ्या रात्री अकराच्या सुमाराला थंडी भरली. सासूबाईंनी सांगितलं ते असं : "तीन वाकळा घातल्या तरी दात वाजत हुते. मला वाटलं ऊन लागलं." दोनदा उलटी झाली. उजाडल्यावर आशाताईंनी मला फोन केला, मी साडेसातला घरी पोचले.

ती डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजलेली. ताप १०३. नाडी १२४. रक्तदाब ९६/६०. श्वास मिनिटाला २६. बाळाचे ठोके १७०, आईच्या तापाने वाढलेले. पोट मधूनमधून कडक होत होतं. मी विचारलं, कुठे दुखतं? तिने हात मागे नेला आणि कमरेच्या बराच वर, उजव्या बाजूला, शेवटच्या बरगडीखाली ठेवला. तिथे मी माझा डावा तळवा टेकवला आणि त्यावर उजव्या मुठीने हलकंच टकटक केलं. ती ओरडली. डावीकडे तसंच केलं, काही नाही.

हा फरक आशाताईंना आणि घरच्या बायकांना मी आता हाताने दाखवते, कारण सांगून कळत नाही. गरोदरपणाची कंबरदुखी खाली असते, मध्यभागी किंवा दोन्ही बाजूंना, वाकलं-उठलं की वाढते, पडून राहिलं की उतरते. ताप नसतो. किडनीचं दुखणं वर असतं, बहुधा एका कुशीत, पडून राहिल्यानेही जात नाही, आणि सोबत थंडी-ताप किंवा उलटी येते. ऊन लागल्याने हुडहुडी भरून दात वाजत नाहीत. गरोदर बाईला थंडी वाजून ताप आला तर तो दिवस घरी काढायचा नसतो.

मी पॅरासिटॅमॉल दिली, सलाईनसाठी सुई लावली, १०८ बोलावली, पुढच्या दवाखान्याला फोन केला. आणि तेवढ्यात ती कापलेली पट्टी आणि सिरपची बाटली मागून घेऊन तिच्या कार्डाबरोबर पिशवीत टाकली. पुढच्या डॉक्टरांना आधी कोणतं औषध पोटात गेलं आहे हे समजणं फार उपयोगी पडतं.

तेरा दिवस

मिरजेला तिचा आधी रक्ताचा आणि लघवीचा नमुना कल्चरला गेला, मगच पहिलं इंजेक्शन. हा क्रम चुकला तर जंतूचा पत्ता लागत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी १८,६००, म्हणजे वाढलेल्या. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, १.१. हा शेवटचा आकडा बघून नवऱ्याने मला फोनवर सांगितलं, "किडनी चांगली हाय म्हणं, नॉर्मलमधी हाय." कागदावर छापलेली मर्यादा सर्वसाधारण माणसाची असते. गरोदरपणात किडनी जास्त रक्त गाळते, त्यामुळे क्रिएटिनिन एरवीपेक्षा खाली, साधारण ०.४ ते ०.८ असतं. १.१ म्हणजे तिच्या किडनीवर ताण आला होता. पुन्हा तोच शब्द, नॉर्मल.

सोनोग्राफीत उजवी किडनी थोडी फुगलेली. गर्भपिशवीचं तोंड बंद होतं, ताप आणि पाण्याची कमतरता भरून निघाल्यावर कळा थांबल्या. पण ताप थांबेना. सेफ्ट्रिॲक्सोन हे प्रतिजैविकाचं इंजेक्शन चालू असताना तिसऱ्या दिवशीही रोज संध्याकाळी १०१-१०२. मग कल्चरचा कागद आला : ई. कोलाय, एक लाखाच्या वर, सेफ्ट्रिॲक्सोनला आणि ‘फ्लॉक्सासिन’ गटाला दाद न देणारा. चालणाऱ्या औषधांत मेरोपेनेम, अमिकासिन, नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन. डॉक्टरांनी मेरोपेनेम सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी रात्री ती पहिल्यांदा तापाशिवाय झोपली.

नातेवाइकांचा प्रश्न रास्त होता : कागदावर गोळीही चालते असं लिहिलं आहे, मग दिवसातून तीनदा शिरेतून कशाला? नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत उतरून मूत्राशयातले जंतू मारतं, पण किडनीच्या मांसात त्याची पुरेशी मात्रा पोचत नाही. मूत्राशयाच्या संसर्गाला ते चांगलं औषध, किडनीच्या संसर्गाला अपुरं. म्हणून ते दहा दिवस तिला खाटेवर काढावे लागले. थोरली पोर आजीजवळ होती. पोरगी रोज संध्याकाळी उंबऱ्यात बसून राहायची, असं आशाताई सांगत. हेच आठवडाभराच्या गोळ्यांत मार्चमध्ये निभावलं असतं, हे माझ्या मनातून जात नाही.

तीन गोळ्या घेतल्यामुळेच जंतू चिवट झाला असं मी म्हणणार नाही. तो आधीपासून तसा असू शकतो. पण अर्धवट डोस घेत गेलं की चिवट जंतूच मागे उरतात आणि पुढच्या वेळी साधं औषध हातातून गेलेलं असतं, एवढं नक्की.

उजवीकडेच का

गरोदरपणात बाईचं शरीर लघवीची वाट सैल करतं. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे किडनीकडून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळ्या ढिल्या पडतात, लघवी खाली ढकलण्याचा त्यांचा जोर मंदावतो. वाढणारी पिशवी वरून दाबते, आणि ती साधारण उजवीकडे कललेली असल्यामुळे उजवी नळी जास्त दाबली जाते. ओढ्याला बांध घातल्यावर मागे पाणी तुंबतं तशी लघवी तुंबते. तुंबलेल्या पाण्यात काय वाढतं ते शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको. त्यातच बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा, आणि शौचाची जागा लगत. ई. कोलाय हा आपल्याच आतड्यात राहणारा जंतू. तिथे तो त्रास देत नाही, जागा बदलली की देतो.

हे मी तिच्या घरी, ओसरीवर, सासू आणि नवरा दोघांना समोर बसवून सांगितलं. कारण एव्हाना दुसरीच कुजबुज सुरू झाली होती. ही स्वच्छ राहत नाही, म्हणून झालं. कुणी नवऱ्याकडेही बोट दाखवलं. हा आजार घाणेरड्या बाईचा नाही आणि कुणाच्या वाईट वागण्याचाही नाही. स्वच्छतेचे नियम आहेत आणि ते पाळावेत : शौचानंतर पुढून मागे धुवायचं, नवरा-बायकोचे संबंध आल्यावर लघवीला जाऊन यायचं, आत जंतुनाशक द्रवाने धुवायचं नाही, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही. ते सगळं पाळणाऱ्या बाईलाही गरोदरपणात संसर्ग होतो. लाजेने बाई लपवते आणि लपवलेला आजार वर चढतो, म्हणून ही कुजबुज मला जंतूइतकीच वाईट वाटते.

पुढचे दोन महिने

औषध संपल्यावर आठवड्याने पुन्हा कल्चर झालं, जंतू नव्हते. ही दुसरी तपासणी बऱ्याचदा राहून जाते, कारण बाई बरी दिसते. एकदा किडनीचा संसर्ग झाला की त्याच गरोदरपणात तो उलटण्याची शक्यता असते. म्हणून डॉक्टरांनी रात्री झोपताना नायट्रोफ्युरँटॉइनची एक गोळी लिहून दिली, दिवस भरत आले की बंद करायची या बोलीवर, कारण बाळंतपणाच्या अगदी तोंडावर ते औषध बाळाच्या रक्तपेशींना त्रास देऊ शकतं. दर महिन्याला कल्चर.

आणि इथे माझी खरी परीक्षा होती. उपकेंद्रातून नमुना तालुक्याला पोचवायचा कसा? लघवी दोन तासांत प्रयोगशाळेत जायला हवी, नाहीतर गार ठेवायला हवी. उन्हात बाटली राहिली तर बाहेरचेच जंतू वाढतात आणि खोटा निकाल येतो. लसीच्या पेटीत नमुना ठेवायचा नाही हा नियम, आणि तो बरोबरच आहे. मी जेवणाचा एक थर्मास डबा केवळ यासाठी वेगळा केला. तळाला बर्फ, त्यावर पिशवीत गुंडाळलेली बाटली, आणि साडेनऊची एसटी.

नमुना कसा घ्यायचा हे मी तिला तोंडी सांगितलं तेव्हा तिने मान हलवली, पण बाटली उघडून तिने पहिल्यांदा आत बोट फिरवून पुसलं. धूळ असेल म्हणून. भांडं विसळून घ्यायची सवय. निर्जंतुक बाटली तिथेच बाद झाली. तेव्हापासून मी रिकामी बाटली हातात घेऊन दाखवते : साध्या पाण्याने पुढून मागे धुवायचं, स्वच्छ कापडाने टिपायचं, पहिली धार सोडून द्यायची, मधली बाटलीत धरायची, झाकणाच्या आत हात लावायचा नाही, झाकण पालथं खाली ठेवायचं नाही.

३८ आठवडे भरल्यावर तिचं नॉर्मल बाळंतपण झालं, मुलगा, २ किलो ६०० ग्रॅम.

आता काय वेगळं करते

कार्डावर मी ‘लघवी चांगली’ असं लिहायचं आणि बोलायचं बंद केलं आहे. ‘साखर, प्रथिनं पाहिली. कल्चर झालं / बाकी’ असं लिहिते आणि तसंच सांगते. नोंदणीनंतर दर महिन्याच्या ९ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची तपासणी असते, २०१६ पासून सुरू झालेल्या सुरक्षित मातृत्व अभियानातली. तिथे जाताना कार्डावर पेन्सिलीने ‘कल्चर?’ असं लिहून पाठवते. सरकारी व्यवस्थेत गरोदर बाईच्या तपासण्या, औषधं आणि गाडी मोफत आहे, हे नवऱ्याला ऐकवते, म्हणजे तो औषध दुकानाच्या आधी इकडे येईल.

"काही त्रास?" हा प्रश्न मी सोडला. त्याचं उत्तर नेहमी "न्हाई" असतं. आता विचारते, "उन्हाळी लागली होती का गं, आधीच्या भेटीपासून?" हो म्हणाली की विचारते : आग आतून लघवी येताना होते, की बाहेरच्या कातडीला? बाहेर झोंबत असेल, खाज असेल, दह्यासारखं पांढरं जात असेल तर तो वेगळा त्रास, त्याचं औषध वेगळं. वारंवार लागणं हे गरोदरपणात असतंच, त्यावर जाऊ नका, असंही सांगते. पण आग हा गरोदरपणाचा भाग नाही. लाल किंवा गढूळ लघवी, अचानक आलेला उग्र वास, ओटीपोटात कळ, हेही नाही. आग असेल तर नमुना आधी, गोळी नंतर, आणि गोळी डॉक्टरांनी लिहिलेली. दिलेले दिवस पूर्ण.

राहिली शेड. मी मालकाकडे दोनदा गेले. पहिल्यांदा ते म्हणाले, बायका कधी काही बोलल्याच नाहीत. मी म्हटलं, "दादा, त्या तुमच्याशी कशा बोलतील?" दुसऱ्यांदा ती आणि तिची जाऊ बरोबर आल्या. जाऊच बोलली, मी गप्प राहिले. चार बांबू, उरलेलं शेडनेट दुहेरी करून, आत दोन फरशा, बाहेर पाण्याचं पिंप. एका दुपारचं काम होतं. त्यानंतरच्या आठवड्यात मी गेले तेव्हा निवडाईला बसलेल्या बायकांमध्ये प्रत्येकीजवळ पाण्याची बाटली होती. कुणी सांगितलं नव्हतं. जागा झाली तसं पाणी आपोआप आलं.

हंगाम संपल्यावर बांबू आणि नेट दुसऱ्या कामाला नेलं. फरशा तेवढ्या माळावर आहेत. जानेवारीच्या शेवटी रॅक साफ करायला सुरुवात होते, तेव्हा मला तिकडे पुन्हा जायचं आहे, पहिली गाडी द्राक्षं उतरायच्या आत.